बॉलपेनचं घड्याळ

माझ्या भाचीची मुलगी जव्हारला माझ्या खोलीवर राहून बारावी सायन्स करते. तिची पाठ वाकलेली आहे. दोन खांद्यांच्या जरा खाली मणका बाहेर आलाय, लहानशा टेकाडासारखा, त्यामुळे तिला भिंतीला टेकून बसता येत नाही. मधे उशी लागते. ती उशी मीच शिवली, जुन्या लुगड्याची, मधोमध खळगा ठेवून. शेजारपाजारच्या बाया म्हणतात, म्हातारी नातीचं किती करते. मी ऐकून घेते. का करते ते आज लिहायचं आहे. लिहायला बसून हा तिसरा दिवस. आतापर्यंत चहाच जास्त झाला.

मी अंगणवाडीत सेविका होते. शाळा सातवीपर्यंतच झाली. पुढचं जे आलं ते वाचून आलं, आणि वाचायला जे मिळेल ते: औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद, पोषण आहाराच्या पोत्यावरचा मजकूर, प्रशिक्षणात दिलेली पुस्तकं. त्यामुळे झालं असं की मला थोडं थोडं सगळंच माहीत होतं. थोडं माहीत असलेल्या माणसाला गावात फार मान असतो. पाड्यावर कुणाला ताप आला की आधी मला हाक, मग भगताला, मग दवाखान्याला. मला त्याचं बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

माझी नोकरी मोखाड्याच्या पुढं एका पाड्यावर होती. भाचीचं घर त्याच पाड्यावर. बहिणीची मुलगी ती, स्थळ मीच आणलेलं. म्हणून तिचं चुलीपासून पाळण्यापर्यंत सगळं माझ्या डोळ्यासमोर. घरात ती, नवरा, सासू, सासरा आणि ही एकच मुलगी. सासऱ्याला टीबी होता. सरकारी गोळ्या चालू होत्या, त्या भाचीच द्यायची, न चुकता, माझ्याकडून वार लिहून घेतलेल्या कागदावर टिंब करत करत.

मुलगी चार वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. वजनाच्या तक्त्यावर तिचं टिंब कायम लाल पट्ट्यात. मी दर महिन्याला तिला काट्याच्या झोळीत बसवायची आणि दर महिन्याला ती मला विचारायची, "आजी, मी मोठी झाली?" मी म्हणायची, "झालीस की, एका चिंचोक्याएवढी."

त्या वर्षी पाऊस उलटता उलटता पाड्यावर गोवर आला. आमच्याकडं गोवर म्हणजे देवी घरात येऊन बसली असं धरतात. दाराला कडुलिंबाचा डहाळा, घरात फोडणी नाही, तळण नाही, मासळी तर नाहीच. वास लागला की देवी कोपते. मी अंगणवाडीत बसून हे काही खरं नाही म्हणून सांगायची आणि घरी गेल्यावर स्वतःसुद्धा फोडणी द्यायची नाही. असं सगळं.

तर भाचीच्या मुलीला गोवर आला, आणि भाचीनं एक गोष्ट केली. सासऱ्याला त्या गोळ्यांनी पोटात आग पडायची, नुसती पेज त्याच्या घशाखाली उतरेना. दोन दिवस उपाशी गोळ्या घेतल्या त्यानं. तिसऱ्या दिवशी म्हातारा हळूच म्हणाला, "पोरी, मूठभर सुकट भाज ना. तेवढ्यावर घास जाईल." भाचीनं घरामागं तीन दगड मांडले आणि तव्यावर मूठभर सुकट भाजली. सुकटीचा वास काय लपतो? सासू दारातूनच ओरडली, "देवी बसलीय घरात आन तू सुकट भाजतेस? बघशील, बघशील आता." म्हातारा मात्र पोटभर जेवला.

मुलीचा गोवर गेला. पण मुलगी काही उठून खेळेना. खायला घातलं की तोंड फिरवायची. संध्याकाळी अंग कोमट. महिनाभर मी बघितलं आणि मग दोघींना घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेले. घरात टीबीचा माणूस आहे म्हटल्यावर डॉक्टरांनी हातावर एक सुई टोचायला सांगितली. औषधाची नाही, तपासणीची. कोपराच्या खाली, हाताच्या आतल्या बाजूला, कातडीच्या अगदी वरवर. सिस्टरनं टोचलं आणि त्याभोवती निळ्या बॉलपेननं गोल काढला. म्हणाली, "हा पुसायचा नाही. तिसऱ्या दिवशी बघायचं, इथं टणक उठतं का ते."

मुलीनं हात वर धरला आणि विचारलं, "हे घड्याळ?"

सिस्टर हसली, म्हणाली, "हो, घड्याळ. तीन दिवस वापर."

तिसऱ्या दिवशी परत मोखाड्याला यायचं म्हणजे पाड्यावरून आधी दीड तास चालणं, मग जीप मिळाली तर मिळाली. डॉक्टरांना ते माहीत होतं. ते मला म्हणाले, "बाई, तुम्हाला वाचता येतं, मोजपट्टी आहे तुमच्याकडं. नुसता लालपणा बघू नका. डोळे मिटून बोट फिरवा, कडक गाठ लागते का बघा. उठली तर मुलीला लगेच घेऊन या." मी मान डोलावली. मग ते म्हणाले, "आणि नाही उठली, तरी घेऊन या."

मला हसूच आलं. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, उठली तरी आणा, नाही उठली तरी आणा. मग टोचता कशाला?"

ते काही हसले नाहीत. मुलीच्या दंडाभोवती त्यांनी दोन बोटांची कडी करून बघितली, ती सैल बसली. म्हणाले, "हिच्या अंगात उठवायची ताकद असेल तर उठेल ना." पुढचा पेशंट आत आला. मी ते वाक्य तिथंच सोडून आले.

तीन दिवस मुलीनं पाड्यावर सगळ्यांना घड्याळ दाखवलं. ज्याला त्याला, "विचार, किती वाजले." विचारलं की गोलाकडं बघून म्हणायची, "बारा." सकाळीही बाराच. भाची तिला अंघोळ घालताना तो हात बाहेर धरायची, घड्याळ भिजू नये म्हणून.

तिसरा दिवस उजाडला आणि त्याच दिवशी वीटभट्टीचा ट्रक आला. दरवर्षी भात झोडून झालं की आमच्याकडची अर्धी घरं खाली भिवंडीकडं भट्टीवर जातात, शिमग्याला परत. ट्रक दोन दिवसांनी येणार होता, पण आला आधी. रस्ता संपतो तिथं उभा, आणि मुकादम हॉर्न वाजवतोय. भाचीचा नवरा आधीच्या ट्रकनं पुढं गेलेला. सासू-सासरा घरीच राहणार होते. भाची डोक्यावर गाठोडं, कडेवर मुलगी घेऊन अंगणवाडीच्या दारात आली.

"मावशी, हात बघ लवकर. तो निघला. जाऊ का थांबू? तू सांगशील तसा."

बाकीच्या बायाही जमल्या होत्या. मी मुलीचा हात मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि बोट फिरवलं. काही नाही. एकदम सपाट, घोटलेल्या अंगणासारखं. परत फिरवलं. काही नाही. सुईची जागासुद्धा सापडेना. निळा गोल तेवढा होता. मोजपट्टी आणली होती, तिला काम उरलं नाही.

आता आमच्या वेळच्या बायकांच्या डोक्यात काय असतं ते सांगते. आमच्या दंडावर देवीच्या लशीचे वण आहेत. लस टोचली, वर आली, पिकली, खपली धरली, की आई म्हणायची, घाण बाहेर पडली. म्हणजे आत असेल ते वर येतं. वर आलं नाही म्हणजे आत नाही. इतका सरळ हिशोब. मी कितीही कागद वाचले तरी माझ्या बोटाच्या टोकाला तोच हिशोब होता. शिवाय मुलीच्या दंडावर बाळपणीच्या टीबीच्या लशीचा वणही होता. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. त्या आनंदात डॉक्टरांचं दुसरं वाक्य मला आठवलं नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. आठवलं होतं. पण मनात म्हटलं, डॉक्टर लोकांचं असतंच, हेलपाटे घालायला लावतात. हॉर्न वाजत होता. सगळ्या बाया माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

मी म्हटलं, "साफ आहे. काही नाही तिला. जा तू."

भाचीनं माझ्या पायाला हात लावला. ट्रक वळणावर गेला तेव्हा मुलगी मागच्या फळीवरून हात वर धरून घड्याळ दाखवत होती.

शिमग्याला ते परत आले. मी मुलीला बघितलं ते मोहाच्या झाडाखाली. पहाटे फुलं पडतात, पोरं वेचायला जातात. बाकीची पोरं वाकून, कोंबड्यांसारखी भराभर टिपत होती. ही मात्र प्रत्येक फुलासाठी खाली बसायची. पाठ ताठ, एक हात गुडघ्यावर, हळूच उकिडवं व्हायचं, फूल उचलायचं, मांडीवर हात दाबत दाबत वर यायचं. मग पुढचं फूल. मी लांबून बघत राहिले. दहा-बारा फुलं तिनं तशी उचलली. मग मी जाऊन तिच्या पोलक्यातून पाठीवर हात फिरवला. हाताला मणका लागला. तोच हात, तेच बोट.

दवाखाना, तिथून मोठा दवाखाना, फोटो, सगळं झालं. टीबी मणक्यात उतरला होता. पाय चालत होते हे नशीब म्हणाले. तालुक्याच्या दवाखान्यात अजून तेच डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, "तिसऱ्या दिवशी का नाही आणली हिला?"

मी म्हटलं, "ते भट्टीवर निघून गेले, साहेब."

हे खोटं नव्हतं. म्हणून तर माझ्या तोंडातून सहज निघालं. डॉक्टर भाचीकडं वळले आणि तिला बोलले, बरंच बोलले. पोर आधी का भट्टी आधी, वगैरे. भाची खाली मान घालून उभी. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. तिला वाटलं असेल, मावशीला काही सांगायचं होतं ते आपण ट्रकच्या घाईत ऐकलं नसेल. आपलंच चुकलं असेल. ती अशीच आहे, आधी स्वतःवर घेते. मी माझ्या पिशवीत काहीतरी शोधत राहिले.

वर्षभर औषधं चालली. भाचीनं सासऱ्याच्या कागदाशेजारी मुलीचा कागद लावला आणि एक टिंब चुकवलं नाही. रोग गेला. पाठ तशीच राहिली. आणि मग सासूनं ती सुकट काढली. "मी सांगितला होता. देवी बसलेली आन हिनं सुकट भाजली. पाठीवर लाथ मारून गेली ती." पाड्यावरच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. गोवर झाला, सुकट भाजली, पाठ वाकली. ओळीनं घडलं म्हणजे एकातून दुसरं आलं, असं माणसाला वाटतंच.

भाचीनं सुकट सोडली. नुसती सुकट नाही, बोंबील, वाकट्या, सगळं सुकं म्हावरं. कायमचं. आमच्याकडं पावसाळ्यात ताटात दुसरं असतं काय? मोखाड्याच्या बाजारात सुक्या मासळीची ओळ लागते, तिच्यासमोरून जायची वेळ आली की भाची पदर नाकाला लावून पलीकडून जायची. मी बरोबर असायची पुष्कळदा. दर बाजाराला मी ते बघायची आणि बांगड्या, मिरच्या असलं काहीतरी बोलायची.

मी सेविका. कुपोषणावर भाषण देणारी. मूठभर सुकट कशी ताकदीची, ते पोरांच्या आयांना सांगणारी. आणि ज्या घरात दुसरं काही नव्हतं त्या घरातून ती मी जाऊ दिली. कारण सगळा दोष सुकटीवर होता तोवर माझ्या बोटाकडं कुणी बघणार नव्हतं.

अशी बारा वर्षं गेली. मी निवृत्त होऊन जव्हारला आले, मुलगी दहावीला चांगले मार्क मिळवून माझ्याकडं आली. तिचं पुस्तक इंग्रजी. ती मोठ्यानं वाचते आणि मला मराठीत सांगते, म्हणजे तिचं पाठ होतं. त्यामुळे या वयात माझी पण बारावी चाललीय. बेडकाच्या पोटात काय असतं ते मला विचारा.

मागच्या थंडीत एका रविवारी दुपारी मी सुपात नागली निवडत होते आणि ती रोगाचा धडा वाचत होती.

"आजी, रक्तात पांढऱ्या पेशी असतात ना, त्यातल्या काहींना टी पेशी म्हणतात. छातीच्या हाडामागं एक ग्रंथी असते, तिथं त्यांची शाळा. जी आपल्याच अंगावर धावेल ती नापास, तिला तिथंच संपवतात. पास झालेल्या बाहेर येतात. आणि प्रत्येकीला फक्त एकच तुकडा ओळखता येतो."

"कसला तुकडा?"

"जंतूचा. अख्खा जंतू तिला दिसतच नाही. दुसरी एक पेशी जंतू खाते, त्याचा बारीक तुकडा अंगावर लावते आणि गाठीत घेऊन जाते. काखेत, मानेत गाठी असतात ना, तिथं. हजारो टी पेशी तिथनं जातात, तिच्याकडं बघतात, पुढं जातात. जिला तो तुकडा ओळखीचा वाटला ती थांबते. मग ती वाढते, एकीच्या हजार होतात, आणि सगळ्या निघतात."

मला लहानपणचा बाजार आठवला. रानात कुणाचा चुकार बैल सापडला की ज्याला सापडला तो माणूस बैल घेऊन हिंडत नसे. बैलाच्या गळ्यातली घंटा सोडून बाजारात आणायचा आणि हातात वाजवत फिरायचा. शेकडो माणसं बघायची, कुणाला त्याचं काय. पण ज्याच्या गोठ्यातली घंटा तो उठून उभा राहायचा, आणि भावकीला हाका मारायचा. मी तिला ते सांगितलं. तिला आवडलं. म्हणाली, "बरोब्बर तसंच. एकदा ओळखलं की त्यातल्या काही आयुष्यभर लक्षात ठेवतात. मग नुसता मेलेल्या जंतूचा अर्क कातडीत टोचला ना, तरी त्या धावत येतात, गर्दी करतात. दोन-तीन दिवसांत तिथं कडक गाठ उठते. टीबीची चाचणी असते बघ."

माझा हात सुपात थांबला.

"म्हणजे ती गाठ रोगाची नसते?"

"नाही गं. गाठ म्हणजे त्या पेशींची गर्दी. राखणदारांची."

मी पाच-सहा खडे उगाच इकडचे तिकडे केले. मग विचारलं, "आणि त्या राखणदारांना खायलाच नसलं तर?"

तिला वाटलं, आजीनं हुशारीचा प्रश्न विचारला. पुस्तकात ते नव्हतं. तिनं मोबाईलवर शोधलं, बराच वेळ वाचलं. मग वाचता वाचता मराठीत सांगत गेली. मूल फार अशक्त असलं की छातीतली ती ग्रंथीच सुकून लहान होते. गोवर तर त्या पेशींमध्येच शिरतो, त्यांच्या आठवणी पुसतो, आणि नंतर कित्येक आठवडे त्या गुंगलेल्या राहतात. अशा मुलाच्या अंगात टीबी असला तरी हातावर काही उठत नाही. एरवी याच पेशी टीबीच्या जंतूभोवती वेढा घालून त्याला एका जागी कोंडून ठेवतात. वेढा सैल पडला की जंतू निसटतो आणि कुठंही जातो.

"मेंदूत जातो, हाडात जातो," ती म्हणाली. स्वतःच्या पाठीचा विचार तिच्या मनात आला की नाही, कळलं नाही. तिला हातावरचं घड्याळ आठवत नाही. मी कधी काढलं नाही.

पालापाचोळा जाळून राब भाजतो आपण, त्यावर नागली पेरतो. उगवली नाही तर दोन गोष्टी असतात, एक तर बी पडलं नाही, नाहीतर वाफा कोरडा होता. हे मला सांगायला बारावी लागत नव्हती. शेतात मी हे सात वर्षांची असताना ओळखत होते. हातावर ओळखलं नाही. डॉक्टर सांगत होते ते हेच, उठवायची ताकद असेल तर उठेल. मला सगळ्यात सपाट, सगळ्यात स्वच्छ वाटलेला तो हात सगळ्यात वाईट खबर देत होता.

इतके दिवस मला वाटायचं, चाचणी फसली, त्यात माझा अर्धाच दोष. आता कळलं, चाचणी फसेल हे डॉक्टरांना माहीत होतं, त्यांनी त्यावर उपायही माझ्या हातात दिला होता, आणि तो मी टाकला.

महिनाभर मी गप्प बसले. मग एका बाजारच्या दिवशी जीप धरून मोखाड्याला गेले. भाची भेटणार हे माहीत होतं. भेटली. नेहमीसारखी मासळीची ओळ आली आणि तिचा पदर नाकाला गेला. मी तिचा दंड धरला आणि जीप उभ्या राहतात तिथल्या टपरीवर बसवली. चहा आला. मी सगळं सांगितलं. टी पेशी तिला काय सांगणार, मी राब आणि वाफ्याचंच सांगितलं. डॉक्टरांचं दुसरं वाक्य सांगितलं. दवाखान्यात मी काय बोलले आणि काय बोलले नाही, तेही सांगितलं.

भाची चहाच्या कपाकडं बघत होती. चहावर साय धरली तेव्हा म्हणाली, "म्हणजे सुकटीचा काय नव्हता."

"काही नव्हतं गं. उलट..."

"थांब. उलट नको सांगू." मग म्हणाली, "तुझा बोट चुकला मावशी, तसा होता कधी कधी. डागतरचाही चुकता. ट्रक उभा होता, मलाही जायचाच होता. तू थांब बोलली असतीस तर मी भांडली असती तुझ्याशी."

मला वाटलं, सुटले. मी तिच्या हातावर हात ठेवायला गेले. तिनं हात काढून घेतला.

"पण तू माझ्या संगती बाजार करायचीस," ती म्हणाली. "दर बाजाराला. मी नाक दाबून चालायची आन तू मला मिरच्यांचा भाव विचारायचीस."

तिनं कप बाजूला सारला.

"सासू मरताना पण बोलली मला. पाण्याचा घोट मीच पाजत होती, आन ती बोलली, तुझ्यामुळं झाला. तू तिच्या पायाशी बसली होतीस."

बसले होते.

ती उठली. सरळ मासळीच्या ओळीत गेली, पदर न लावता. मी टपरीवरूनच बघत होते. तिनं वाटाभर सुकट घेतली, पिशवीत घातली, आणि माझ्याकडं न बघता जीपमध्ये जाऊन बसली.

पुढच्या सुट्टीत मुलगी घरी जाऊन आली. पिशवी ठेवली, पाय धुतले, तिच्या उशीला पाठ लावून बसली. म्हणाली, "आईनं सांगितलं सगळं."

मी चुलीपाशी होते. वळले नाही. "आणि सुकट?"

"केली तिनं. कांदा घालून, आम्हा सगळ्यांना वाढली. स्वतः एक घास घेतला आणि बाहेर जाऊन थुंकून आली. म्हणते, आता वासच सहन होत नाही. बघू, पुढच्या वेळी जरा जास्त भाजून बघते म्हणाली."

मी भाकरी थापली, ती तव्यावर टाकली, उलटली. मागून ती म्हणाली, "आता टोचलं ना आजी, तर उठेल. एवढी मोठी गाठ." मी मागं बघितलं तर ती स्वतःच्या हातावर, कोपराच्या खाली, बोटानं गोल काढत होती. रागानं म्हणाली नाही, मायेनंही नाही. पुस्तकातली गोष्ट सांगावी तसं म्हणाली. मग पुस्तक उघडून वाचायला लागली. त्या दिवशी मोठ्यानं वाचलं नाही.

आता पुन्हा मोठ्यानं वाचते. भाचीचा फोन येतो, मुलीच्याच मोबाईलवर. माझ्याशी बोलत नाही. पण शेवटी विचारते, "म्हातारी जेवते का नीट?" मुलगी फोन स्पीकरवर टाकून माझ्याकडं धरते. मी म्हणते, "जेवते गं." पलीकडं थोडा वेळ कोंबड्यांचा आवाज येतो, भांडी वाजतात. मी वाट बघते. मग ती मुलीला सांगते, "ठेव आता," आणि फोन बंद होतो.